मुलुंड नाक्याच्या अलीकडचे मृत्युपत्र

शीळफाट्यावर कल्याणहून येणारा रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो. फाट्याभोवतीच्या खिडकाळी, देसाई, पडले, डायघर या गावांत पूर्वी वारसाचा प्रश्न म्हणजे सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढणार एवढाच असे. भातखाचरांच्या जागी इमारती आल्या, गुंठ्याला किंमत आली आणि घराघरात मृत्युपत्रेही येऊ लागली. मी वकील नाही. जुने दस्त, गॅझेटियर आणि निकालपत्रे वाचण्याचा नाद मात्र तीसएक वर्षांचा आहे, त्यामुळे ओळखीची माणसे कागद घेऊन येतात. पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो : प्रोबेट करावे लागेल का?

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र शाबीत झाल्याचा न्यायालयाचा दाखला. मृत्युपत्राची प्रत, तिच्यावर न्यायालयाची मोहोर आणि त्यात नेमलेल्या एक्झिक्युटरला मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार, हे तिन्ही त्यात येते. हे घ्यावे लागेल का, याचे हिंदू, बौद्ध, शीख व जैन कुटुंबांपुरते उत्तर कित्येक वर्षे भूगोलावर ठरत असे. शीळला लिहिलेले मृत्युपत्र आणि शीळचीच जमीन असेल, तर सक्ती नाही. पण त्याच माणसाची मुलुंडला एखादी खोली असेल, तर त्या खोलीपुरते प्रोबेट हवे. मुलुंड नाक्याच्या एका बाजूला मेलेल्या माणसाचा शब्द आधी सिद्ध करा आणि दुसऱ्या बाजूला कोणी भांडले तरच करा, असा हा फरक. त्याची मुळे तीनशे वर्षे मागे जातात.

२४ सप्टेंबर १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे मेयर्स कोर्टे आली. या कोर्टांना प्रोबेट देण्याचा, तसेच मृत्युपत्र नसेल तर प्रशासनपत्र, म्हणजे लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन, देण्याचा अधिकार होता. गरज उघड होती. विलायतेपासून हजारो मैलांवर मेलेल्या इंग्रज माणसाची पेटी, येणे-देणे आणि माल कोणी ताब्यात घ्यायचा, हे ठरवायला अधिकृत कागद हवा होता. इंग्लंडात त्या काळी हे काम चर्चच्या न्यायालयांकडे होते आणि १८५७ पर्यंत तसेच राहिले. मुंबईत मेयर्स कोर्टानंतर १७९८ मध्ये रेकॉर्डरचे कोर्ट, १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि १८६२ मध्ये हायकोर्ट आले. प्रोबेटचा अधिकार वारशाने पुढे जात राहिला, पण मुंबई बेटाच्या हद्दीतच.

खाडीपलीकडची गोष्ट वेगळी. ठाणे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेले, तर कल्याणचा मुलूख पेशवाईच्या अखेरीस कायमचा गेला. या मुलखासाठी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ ची रेग्युलेशने झाली. त्यांतले आठवे रेग्युलेशन वारस, एक्झिक्युटर आणि मालमत्तेचे व्यवस्थापक यांना मान्यता देण्याविषयी आहे. आजही महाराष्ट्रात दिवाणी न्यायालयातून जे वारस प्रमाणपत्र मिळते, ते याच रेग्युलेशनखाली. जवळजवळ दोनशे वर्षे चालू असलेला हा कायदा ठाणे-कल्याणच्या माणसाला नकळत माहीत असतो.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. वारसाने आधी न्यायालयात आलेच पाहिजे असे तो म्हणत नाही. वारसाला स्वतःहून औपचारिक मान्यता हवी असेल तर त्याने अर्ज करावा. मग न्यायाधीश जाहीरनामा काढतो : ज्यांची हरकत असेल त्यांनी एका महिन्यात हजर व्हावे. आणि दाखला मिळाला तरी त्याने मालकी ठरत नाही. सध्या कायदेशीर व्यवस्था कोण पाहतो आहे, एवढेच त्यावरून कळते. थोडक्यात, मुंबईत सिद्धतेवर भर होता आणि मुफसलात दवंडीवर.

१८७० च्या हिंदू विल्स अॅक्टने ही दुफळी पक्की केली. १ सप्टेंबर १८७० पासून बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरचा मुलूख आणि मद्रास व मुंबई ही शहरे यांत केलेल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना, तसेच बाहेर केलेल्या पण तिथल्या स्थावराविषयीच्या मृत्युपत्रांना, प्रोबेटची अट लागली. १८८१ च्या कायद्याने मुफसलातही प्रोबेट मागण्याची सोय झाली, पण सक्ती आली नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात कलम ५७ व २१३ या रूपाने हीच रेघ उतरली. पुढे हायकोर्टाच्या मूळ अधिकारक्षेत्राची हद्द बृहन्मुंबईबरोबर उत्तरेला सरकली आणि रेघ मुलुंड नाक्यावर येऊन थांबली.

सक्ती नसताना घेतलेल्या प्रोबेटचे आपल्याकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे पुण्याचे ताईमहाराज प्रकरण. सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले होते. व्यवस्था पाहणाऱ्यांत लोकमान्य टिळक आणि दादासाहेब खापर्डे होते. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले. इस्टेटीवर कर्ज होते आणि बाबामहाराजांची तरुण पत्नी ताईमहाराज गरोदर होती. मुलगा झाला नाही किंवा जगला नाही, तर ट्रस्टींच्या सल्ल्याने दत्तक घ्यावा, असे मृत्युपत्रात होते. मुलगा झाला आणि काही आठवड्यांतच गेला. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले, असे टिळकांचे म्हणणे. ताईमहाराजांनी ते नाकारले आणि कोल्हापूरकडील बाळामहाराजांना दत्तक घेतले.

पुढचा इतिहास टिळकचरित्रांत सविस्तर येतो. त्यातली एक बाब मात्र मला नेहमी बाजूला पडलेली दिसते. भांडणाचा पहिला अर्ज प्रोबेट रद्द करण्याचा होता आणि तो त्या विधवेने केला होता. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांनी एप्रिल १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केले आणि टिळकांवर फौजदारी कारवाईचा रस्ता उघडला. हायकोर्टाने प्रोबेट पुन्हा कायम केले, पण फौजदारी खटला चालूच राहिला. ऑगस्ट १९०३ मध्ये टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि ४ मार्च १९०४ रोजी हायकोर्टाने शिक्षाच रद्द केली. दत्तकाचा दिवाणी वाद थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि मार्च १९१५ मध्ये निकाल टिळकांच्या बाजूने लागला. ताईमहाराज १९०३ मध्येच वारल्या होत्या.

सरकारने ही संधी टिळकांविरुद्ध साधली, हे खरेच आहे. तरीही वारसाच्या बाजूने पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. एक, प्रोबेटने मृत्युपत्राचा कागद शाबीत होतो, पण त्यानंतर घरात जे घडते ते शाबीत होत नाही. जवळजवळ चौदा वर्षांचे भांडण मृत्युपत्राच्या खरेपणावर झाले नाही, दत्तकावर झाले. दोन, प्रोबेट घेतलेला एक्झिक्युटर न्यायालयाला बांधलेला असतो. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब द्यावा, ही अट १८८१ च्या कायद्यात होती, १९२५ च्या कायद्यातही आहे. म्हणूनच व्यवस्था पाहणारा माणूस टिळकांएवढा मोठा असला, तरी त्याला जाब विचारायला एका तरुण विधवेला दरवाजा सापडला.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायद्यान्वये कलम २१३ वगळले. मुलुंड नाक्यावरची रेघ पुसली गेली. मुंबई या बाबतीत शीळसारखी झाली म्हणायला हरकत नाही. भेदभाव गेला, खर्च आणि वर्षे वाचतील, हे चांगलेच झाले. ऐच्छिक प्रोबेटची सोयही उरली आहे. पण सक्तीबरोबर काय गेले, हे सांगायला शीळचा अनुभव उपयोगी पडेल. प्रोबेटच्या अर्जात जवळच्या वारसांची नावे द्यावी लागतात, न्यायालयाकडून नोटीस निघते, हरकत असणारा कॅव्हेट दाखल करू शकतो आणि तसे झाले की अर्जाचा दावा होतो. बहिणीला वडिलांनी काय लिहून ठेवले ते निदान कळते.

आमच्याकडे त्या जागी तलाठ्याची फेरफाराची नोटीस असते. हरकतीला पंधरा दिवस. सासरी दूर गेलेल्या मुलीपर्यंत ती पोहोचली नाही, पोहोचली पण तिला अर्थ कळला नाही, किंवा आधीच हक्कसोडीवर सही घेतली गेली, असे प्रकार मी कागदांत पुन्हापुन्हा पाहिले आहेत. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला. बापाला स्वतःच्या वाट्याचे मृत्युपत्र मात्र करता येते. त्यामुळे मुलीचा स्वतःचा वाटा मृत्युपत्राने जात नाही, पण बापाच्या वाट्यातून तिला वगळायचे असेल तर मृत्युपत्र हाच मार्ग उरतो. शिवाय मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. फेरफाराने मालकी ठरत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. तरी नाव चढले की पुढची विक्री त्याच नावावर होते आणि दहा वर्षांनी बहीण उठते तेव्हा जमिनीवर सात मजले असतात.

म्हणून कागद घेऊन येणाऱ्यांना मी चार गोष्टी सांगतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, ते आपल्यापेक्षा वयाने लहान आणि सापडतील असे निवडा, कारण भांडण झाले तर त्यांतल्या एकाला तरी न्यायालयात उभे राहावे लागते. कोणाला वगळत असाल तर का, ते त्यातच लिहा. एक्झिक्युटर नेमा आणि तो सगळ्यांचे फोन उचलणारा असू द्या. चौथी गोष्ट वारसांसाठी : तलाठ्याची नोटीस आली तर सही करण्याआधी मृत्युपत्राची प्रत मागा आणि ती नीट वाचून घ्या.