एकच काळा दगड : सोलापूर ते अलिबाग

बचत गटाच्या आम्ही मैत्रिणी आज तुमच्याशी समुद्राबद्दल बोलणार आहोत. ऐकून हसाल. आपल्या सोलापूरकडे पाण्याचं नाव काढलं की उजनीचं धरण आठवतं, नाहीतर उन्हाळ्यातला टँकर. समुद्राशी आपला काय संबंध? पण संबंध आहे. तो आपल्या रानात आहे, आणि घरातल्या जात्यातही आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तापलेला लाव्हा वाहू लागला. एक थर निवला की त्यावर दुसरा, असे थरावर थर बसत गेले. त्याचाच हा काळा दगड झाला. शास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात, आपल्याकडे काळा पाषाण म्हणतात. तो झिजून आपली काळी माती झाली आणि त्या मातीत आपली ज्वारी आली. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याची तटबंदी, आपलं जातं, पाटा-वरवंटा, सगळं त्याच दगडाचं. हाच दगड पश्चिमेला सह्याद्री होऊन उभा राहतो आणि खाली कोकणात थेट समुद्रात उतरतो.

ज्वालामुखीचा किनारा म्हटलं की जगातले लोक इटलीतल्या नेपल्सचं नाव घेतात. तिथं इ.स. ७९ साली व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई हे भरलेलं शहर राखेखाली गाडलं गेलं. जवळच पोझ्झुओली नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या रोमन बाजाराचे तीन दगडी खांब अजून उभे आहेत. त्या खांबांना माणसाच्या डोक्याच्याही वर बारीक भोकं पडलेली दिसतात. ती पाडली समुद्रातल्या शिंपल्यांनी. पोटातल्या ज्वालामुखीमुळं तिथली जमीन खचली, बाजारात समुद्र शिरला, शिंपल्यांनी खांबात घर केलं आणि पुढं जमीन पुन्हा वर आली. समुद्र तिथवर चढला होता, याची साक्ष शिंपल्यांनी ठेवली.

आपला ज्वालामुखी केव्हाच थंड झाला. पण आपल्या काळ्या किनाऱ्यावरही इतिहास आणि शिंपले शेजारी शेजारीच आहेत. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहिला की हे कळतं.

हा किल्ला किनाऱ्यासमोर समुद्रातल्या काळ्या खडकावर बांधला आहे. भरतीला त्याच्या चारी बाजूंना पाणी असतं, ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं. शिवाजी महाराजांनी १६८० साली याचं काम सुरू करवलं. त्याच वर्षी महाराज गेले आणि काम संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटीत शिरतं, तिचा जोर तिथंच फुटतो आणि पाणी मागं जातं. मुरूडजवळच्या पद्मदुर्गावर उलटा प्रकार दिसतो. तिथं दगड खाऱ्या वाऱ्यापाण्यानं झिजून आत गेलेत आणि मधला चुना तसाच बाहेर राहिलाय.

पुढं कुलाबा हे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं झालं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले, तरी त्यांना तो घेता आला नाही. कान्होजी १७२९ साली वारले, त्यांची समाधी अलिबागेत आहे. १८४० साली इंग्रजांनी आंग्र्यांचं संस्थान खालसा केलं. इतकी चढाओढ पाहिलेल्या या किल्ल्यात बाईमाणसाची नजर मात्र आधी गोड्या पाण्याकडं जाते. सभोवती खारा समुद्र आणि आत पिण्याजोगं पाणी! घागर वाहिलेल्या बाईला त्याची किंमत सांगावी लागत नाही.

आता किल्ल्याबाहेरचा खडक पाहू. ओहोटी लागली की काळ्या खडकातल्या खळग्यांत पाणी साचून राहतं. त्यात बारके मासे, खेकडे, शेवाळ आणि फुलासारखे दिसणारे जीव असतात. हात लावला की ते मिटतात. खडकाला कालवं घट्ट चिकटलेली असतात. वाळूत ती धरत नाहीत, त्यांना कठीण दगडच लागतो. म्हणजे ज्या दगडानं किल्ला धरला, त्याच दगडानं कालवंही धरली.

ही कालवं काढतात बायका. ओहोटी लागली की टोपली आणि लोखंडी अवजार घेऊन त्या खडकावर वाकतात आणि भरती चढायच्या आत परततात. त्यासाठी घड्याळापेक्षा पंचांग कामाला येतं. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला पाणी सगळ्यात लांब हटतं, तेव्हा एरवी बुडालेला खडकही उघडा पडतो. शाळेची पायरी न चढलेल्या आज्याही हा हिशोब बोटावर करत आल्या. याला विद्याच म्हणायला हवं.

मासळी वाळवणं, निवडणं आणि विकणं हेही किनाऱ्यावरच्या बायकांचंच काम. आपल्या आठवडी बाजारात सुकट-बोंबील येतात, त्यामागं अशा कितीतरी कोळणींचे हात असतात. घाट चढून तो वास आपल्या चुलीपर्यंत येतो. पण त्यांचं पोट ज्या समुद्रावर आहे, तो आता पूर्वीसारखा देत नाही. वाढ व्हायच्या आतच पिल्लं जाळ्यात जातात. म्हणून पावसाळ्यात जून-जुलैला यांत्रिक बोटींची मासेमारी बंद ठेवतात. २०२३ साली रुपेरी पापलेटाला राज्यमासा जाहीर केलं, ते त्याला जपण्यासाठीच. बियाणं खाल्लं तर पेरायचं काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आम्हाला सांगायचंय ते एवढंच. कुलाबा किल्ला कुणी बांधवला, कुणी लढवला, हे पुस्तकात आहे. त्याच खडकावर पिढ्यान्‌पिढ्या वाकलेल्या बाईचं नाव कुठं नाही. आणि हे काही समुद्रापुरतं नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात दुष्काळी कामावर हाच काळा दगड बायकांनी फोडला. खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली. त्या रस्त्यांवरून आजही एसटी धावते, पण खडी कुणाच्या हातची होती, याची पाटी कुठं आहे का?

त्या वेळी वीस-पंचवीस वर्षांच्या असलेल्या बायका आज सत्तरीपार आहेत. त्यांच्या तोंडून ऐकायला फार वेळ उरलेला नाही. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की वहीचं एक पान वेगळं ठेवा. गावातल्या आजींना बोलवा. कुठल्या कामावर होत्या, मजुरी काय मिळाली, सुकडी मिळाली का, लेकरं कुठं निजवली, हे त्यांच्याच शब्दांत लिहा. वर त्यांचं पूर्ण नाव लिहा, नुसतं अमक्याची आई असं नको. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला बसवा, दोघींचंही काम होईल.

शिंपल्यानं दगडावर खूण ठेवली म्हणून समुद्राची हकिकत कळली. आपल्याकडं तर वही आहे, पेन आहे. ती पानं आमच्याकडं पाठवा, आम्ही ती इथं वाचून दाखवू. भेटू पुढच्या कार्यक्रमात. रामराम!