राणी मार्गारेट साकारणाऱ्या पेगी ॲशक्रॉफ्ट

ब्रिटिश रंगभूमीवरील ज्येष्ठ अभिनेत्री डेम पेगी ॲशक्रॉफ्ट (१९०७-१९९१) यांचा जन्म क्रॉयडन येथे झाला. १९३० मध्ये पॉल रोबसन यांच्या ऑथेल्लोसमवेत त्यांनी डेस्डेमोना रंगविली, तर १९३५ मध्ये ज्युलिएट.

कोमल नायिकांच्या या प्रतिमेला १९६३ मध्ये छेद गेला. रॉयल शेक्सपिअर कंपनीने स्ट्रॅटफर्ड येथे 'हेन्री सहावा'चे तीन भाग दोन नाटकांत बसवून व त्यांना 'रिचर्ड तिसरा'ची जोड देऊन 'द वॉर्स ऑफ द रोझेस' ही नाट्यत्रयी सादर केली. संहितेचे संस्करण जॉन बार्टन यांचे, तर प्रमुख दिग्दर्शन पीटर हॉल यांचे होते. मूळ चारही नाटकांत वावरणारी राणी मार्गारेट तोवर उपेक्षितच होती. ऑलिव्हिए यांच्या १९५५ च्या 'रिचर्ड तिसरा' चित्रपटातून तर ती वगळलीच गेली होती.

पंचावन्नाव्या वर्षी ॲशक्रॉफ्ट यांनी फ्रान्सहून आलेली नवयौवना, सैन्याचे नेतृत्व करणारी राणी आणि पती-पुत्र गमावून शापवाणी उच्चारणारी वृद्धा असा मार्गारेटचा संपूर्ण जीवनपट उभा केला. सलग पाहिल्यामुळे तिच्या क्रौर्यामागील शोकांतिका प्रेक्षकांना उमगली. १९६५ मध्ये बीबीसीने ही नाट्यत्रयी प्रक्षेपित केली.

भारतीय रसिकांना त्या परिचित आहेत त्या 'अ पॅसेज टू इंडिया'तील (१९८४) मिसेस मूर म्हणून. या भूमिकेने त्यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळवून दिले.