खोबरेल तेल, शिकेकाई, टिकली ते गोरेपणाची क्रीम : रोज अंगाला लावतो ते नेमकं काय आहे?

बेंबळी (ता. धाराशिव) : सकाळी न्हाणीत साबण, डोक्याला तेल, कपाळाला टिकली, शेतात निघताना तोंडाला पावडर नाहीतर क्रीम. गावातल्या प्रत्येक घरात हे रोजचं आहे. किराणा दुकानात दोरीला लटकणाऱ्या शॅम्पूच्या पुड्या, मेडिकलवरच्या ट्यूब, लेडीज स्टोअरमधल्या डब्या आणि आता मोबाईलवरून घरपोच येणारी पाकिटं, असा माल बेंबळीसारख्या गावातही सहज मिळतो. त्यातलं बरंचसं चांगलं आणि स्वस्त आहे. काही मात्र थेट किडनीपर्यंत जाणारं आहे. कोणती वस्तू कशासाठी, ती घेताना काय पाहायचं आणि कोणती डबी हातातून खाली ठेवायची, याची ही माहिती.

डोक्याचं तेल : खोबरेलला तोड नाही

गावाकडं सगळ्यात जास्त खपणारं तेल म्हणजे खोबरेल. ही नुसती सवय नाही, त्याला कारणही आहे. खोबरेल तेल केसाच्या आत मुरतं, त्यामुळं धुताना केसातली प्रथिनं कमी जातात. सूर्यफुलाचं तेल किंवा खनिज तेल वरवरच राहतं. न्हाण्याच्या आधी तासभर किंवा आदल्या रात्री तेल लावायची आजीची पद्धत म्हणूनच बरोबर आहे. मात्र तेलानं टकलावर केस उगवत नाहीत आणि पांढरे केस काळे होत नाहीत. बाटलीवर तसं लिहिलेलं असलं तरी नाही. डोक्यात कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवल्यानं तो वाढूही शकतो.

खोबरेल खायचं की लावायचं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल खाद्यतेल म्हणूनही धरता येतं, असा निकाल १८ डिसेंबर २०२४ रोजी लागला. तेव्हा खाद्यतेलावर ५ टक्के आणि केसांच्या तेलावर १८ टक्के जीएसटी होता. पुढं २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेल, शॅम्पू, अंगाचा साबण, टूथपेस्ट आणि टाल्कम पावडर यांवरचा करही १८ वरून ५ टक्क्यांवर आला. कुंकू, टिकली आणि डबीतलं काजळ यांवर जीएसटी नाहीच. चेहऱ्याच्या क्रीमला मात्र ही सूट मिळालेली नाही.

शिकेकाई आणि शॅम्पूची पुडी

शिकेकाई, रिठा, वाळलेले आवळे एकत्र उकळून त्या पाण्यानं न्हाणं ही जुनी रीत. शिकेकाई आणि रिठ्यात नैसर्गिक फेस आणणारा घटक असतो, तोच मळ काढतो. आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि केसांवर पांढरट चिकट थर बसतो. म्हणून अंगाचा साबण डोक्याला लावू नये. शिकेकाई किंवा शॅम्पूचं तसं होत नाही. शिकेकाईचं पाणी डोळ्यांत गेलं तर चांगलीच आग होते, लेकरांना न्हाऊ घालताना ते सांभाळावं.

एक-दोन रुपयांच्या पुडीनं गावाचं न्हाणं बदललं. तामिळनाडूत १९८३ मध्ये सुरू झालेल्या चिक शॅम्पूनं पुडीचं हे गणित खेड्यापाड्यांत पोचवलं. मोठी बाटली एकदम घ्यायला पैसे नसले तरी पुडी परवडते. एकच लक्षात ठेवावं, शॅम्पू हा टाळूचा मळ काढायला असतो. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

कोंडा खूप असेल, तर किटोकोनॅझोल असलेला औषधी शॅम्पू मेडिकलवर मिळतो. तो लावून लगेच धुवायचा नाही, तीन ते पाच मिनिटं ठेवायचा. शाळेतल्या लेकरांच्या डोक्यात उवा झाल्या तर परमेथ्रिन असलेलं औषध आणि बारीक दातांची फणी हाच उपाय. रॉकेल किंवा शेतातलं कीटकनाशक डोक्याला कधीच लावू नये. कीटकनाशक कातडीतून अंगात भिनतं आणि जिवावर बेतू शकतं. रॉकेलनं कातडी भाजते, शिवाय चुलीजवळ पेट घ्यायची भीती असते.

साबण घेताना ‘टीएफएम’ वाचा

साबणाच्या वेष्टणावर बारीक अक्षरात ‘टीएफएम’ लिहून टक्केवारी दिलेली असते. म्हणजे त्यात खरा साबण देणारा तेला-चरबीचा अंश किती, ते. भारतीय मानकाप्रमाणं ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिली प्रत, ७० च्या वर दुसरी आणि ६० च्या वर तिसरी प्रत. ‘बेदिंग बार’ लिहिलेल्या वडीत हा अंश ४० टक्क्यांपर्यंतही खाली असतो. वास आणि रंग पाहून साबण घेण्यापेक्षा हा आकडा पाहिला तर पैसे सत्कारणी लागतात. पहिल्या प्रतीचा साबण अंग कमी कोरडं करतो आणि जास्त दिवस पुरतो.

आपल्या जिल्ह्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या उस्मानाबादी शेळीच्या दुधापासून साबण करायचे प्रयोगही जिल्ह्यात झाले आहेत. असा घरगुती किंवा बचत गटाचा साबण घेताना त्यावर परवाना क्रमांक आणि तारीख आहे का, एवढं पाहावं.

दिवाळीचं उटणं म्हणजे आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, गव्हला अशा वस्तूंची पूड. ते वर्षभर आठवड्यातून एकदा लावलं तरी चालतं, पण कातडी सोलेल इतकं घासू नये. तोंडाला लिंबू चोळून उन्हात जाणं तर टाळाच. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजून काळे डाग पडतात.

उन्हातलं काम : वांग आणि टाचेच्या भेगा

खुरपणी, काढणी, दिवसभराचं ऊन. बायांच्या गालांवर तपकिरी वांग दिसतात, त्यात उन्हाचा वाटा मोठा असतो. बाळंतपण आणि गर्भनिरोधक गोळ्या हीही कारणं आहेत. यावर सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे सुती स्कार्फ, पदर किंवा रुंद टोपी. जमत असेल तर एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावावं. घाम आला की ते उतरतं, म्हणून दुपारी पुन्हा लावावं लागतं.

टाचेच्या भेगांना महाग क्रीम लागत नाही. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, पुसून ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा कोकमतेल चोपडायचं आणि सुती मोजे घालायचे. आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो. मधुमेह असलेल्यांनी मात्र पाणी हातानं तपासून घ्यावं. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर चटका बसलेला कळत नाही.

कुंकू, टिकली, काजळ

पूर्वी कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू टेकायचे. तुळजापूरला गेलं की हळद-कुंकवाची पुडी येतेच. पंढरपूर तर कुंकवाच्या धंद्यासाठीच ओळखलं जातं. मूळ कुंकू हळदीचं. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते. बाजारातल्या स्वस्त कुंकवात बऱ्याचदा कृत्रिम रंग असतो. कपाळाला खाज, पुरळ किंवा काळपटपणा आला तर कुंकू बदलून पाहावं.

टिकलीचं वेगळं आहे. मागच्या डिंकात असणाऱ्या एका रसायनामुळं काही बायांच्या कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. डॉक्टर त्याला टिकलीचं कोड म्हणून ओळखतात. तो संसर्गाचा नसतो. डाग दिसताच टिकली बंद करायची आणि डॉक्टरला दाखवायचं. उशीर केला तर तो पसरू शकतो.

बाळाच्या डोळ्यांत काजळ-सुरमा घालायची रीत अजून आहे. काही सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे आणि शिशानं लेकरांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर घरच्या काजळीची पायाच्या तळव्याला लावावी, डोळ्यांत नको.

‘काळी मेहंदी’ म्हणजे मेहंदी नव्हे

शुद्ध मेहंदीचा रंग तांबूस-केशरी येतो. केस एकदम काळेभोर करणारी ‘काळी मेहंदी’ म्हणजे केसांचा डायच असतो. त्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं. कित्येकांना त्यानं डोकं खाजतं, कान आणि कपाळ सुजतं, पापण्या मिटतात. म्हणून लावण्याआधी ४८ तास कानामागं थोडासा थेंब लावून पाहायचा. एकदा सूज आली, तर पुन्हा कधीच डाय वापरायचा नाही. पुढच्या वेळी त्रास जास्त होतो. डायची पुडी पोटात गेली तर जीवघेणी ठरते, त्यामुळं ती लेकरांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवावी.

गोरेपणाची क्रीम : इथं खरी भीती

भारतात ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आली. जुलै २०२० मध्ये कंपनीनं नावातला ‘फेअर’ शब्द काढून ‘ग्लो अँड लव्हली’ केलं. नाव बदललं, पण लग्नाच्या बाजारात सावळ्या पोरीला ऐकावे लागणारे बोल काही बदलले नाहीत. त्याच बोलांच्या धाकानं पोरी कुठलीही डबी तोंडाला लावतात. भीती दोन तऱ्हेच्या मालाची आहे.

पहिला माल पाऱ्याचा. पारा कातडीचा रंग बनू देत नाही, त्यामुळं आठवड्यात चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात आणि तिथून किडनीत जातो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, ब्युटीशियनकडून घेतलेली क्रीम लावून किडनीच्या आजारानं आजारी पडल्या. मुंबईत केईएमच्या तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी राज्यभर गाजली. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले एका प्रकारच्या किडनी आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत एक ठराविक खूण मिळाली आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. क्रीम वेळेत बंद केली तर असे बरेच रुग्ण सुधारतात.

दुसरा माल स्टिरॉइडचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर दिसली की ते औषध आहे, क्रीम नाही. पहिले पंधरा दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो. मग कातडी पातळ होते, लालसर शिरा दिसतात, पुरळ येतं, ओठांवर लव वाढते आणि उन्हात गेलं की आग होते. ट्यूब सोडली की त्रास दुप्पट, म्हणून बाई पुन्हा तीच आणते. नायट्याला ‘खाजेचं मलम’ म्हणून हेच लावलं तर खाज थांबते, पण नायटा आतून पसरत जातो. केंद्र सरकारनं मार्च २०१८ मध्ये १४ प्रकारची स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी शेजारणीनं सांगितलं, पाहुण्यांनी आणून दिलं म्हणून ती घरात येतातच.

डबी हातात घेतली की हे पाहा

सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणं डबीवर काही गोष्टी छापलेल्या असायलाच हव्यात :

– बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि परवाना क्रमांक
– बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख
– घटकांची यादी आणि वजन
– परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक

यातलं काहीच नसेल, डबीवर फक्त परकी लिपी असेल किंवा ब्युटी पार्लरमध्ये कोऱ्या डबीत क्रीम भरून दिली असेल, तर ती घ्यायची नाही. यादीत ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरस क्लोराइड’, ‘कॅलोमेल’ असे शब्द असतील, किंवा ‘सोन्या-चांदीच्या दागिन्याला लागू देऊ नये’ अशी सूचना असेल, तर त्यात पारा आहे असं समजावं. ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘हर्बल’ लिहिलं म्हणून डबी निर्धोक होत नाही. आठ दिवसांत गोरं करणाऱ्या मालावर तर भरवसा ठेवूच नये.

त्रास झाला तर

क्रीम लावणाऱ्या कोणाचाही चेहरा किंवा पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम बंद करून डॉक्टरकडं जावं आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे. जाताना डबी फेकून न देता सोबत न्यावी. स्टिरॉइड बरेच महिने लावलेलं असेल तर ते एकदम सोडण्याऐवजी डॉक्टरच्या सल्ल्यानं कमी करावं. जवळच्या आरोग्य केंद्रात आधी दाखवता येतं, पुढं गरज पडली तर धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

संशयास्पद मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर करता येते. ग्राहक म्हणून फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यासाठी दुकानदाराकडून पावती घ्यायची सवय मात्र लावून घ्यावी लागेल.

रोजच्या वापराला खोबरेल तेल, पहिल्या प्रतीचा साबण, पेट्रोलियम जेली आणि उन्हात डोक्यावर स्कार्फ एवढं बहुतेकांना पुरतं. घरातली पोर आरशासमोर नवीन डबी उघडताना दिसली, तर तिला रागावण्यापेक्षा ती डबी हातात घेऊन मागचं लेबल दोघींनी मिळून वाचावं.