फुटण्याआधीचे वीस तास

पहाटे ५. साल १९५०, अमेरिकेतलं ड्यूक विद्यापीठ. प्रयोगशाळेत दिवे लागतात. ते संध्याकाळी ७ वाजता विझतील. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या उंदरिणीच्या अंडाशयात बीजांडांच्या काही पुटिका टरारून फुगल्या आहेत. आज रात्री त्या फुटणार, आणि आपल्या पायावर धोंडा त्यांनीच मारून घेतलाय : रक्तात एस्ट्राडायॉल हे संप्रेरक सोडताहेत त्याच.

सकाळी १०. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये सामसूम. पीयूषिकेला कामाला लावणाऱ्या जीएनआरएच चेतापेशी हजाराच्या आसपास, त्याही विखुरलेल्या. एस्ट्राडायॉल भरपूर, तरी पेशी गप्प. हे कोडं पुढे २००५ मध्ये छोट्या जातीच्या उंदरांवर नीट दिसलं. अंडाशय काढून एस्ट्राडायॉलची कुपी बसवली, मात्रा दिवसभर सारखी. तरी सकाळी तपासलेल्या मेंदूच्या चकत्यांत विद्युत्स्पंद मंद, दुपारी जोरात. कुपीच नसेल तर सकाळ-दुपार फरकही नाही.

दुपारी २. सगळा खेळ इथे आहे. दिव्यांची वेळ पाळणारं मेंदूतलं घड्याळ किसपेप्टिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशींना इशारा देतं. जीएनआरएच पेशींवर एस्ट्राडायॉलचा मुख्य, म्हणजे अल्फा ग्राहक नसतोच. संप्रेरकाचा निरोप या किसपेप्टिनवाल्या मध्यस्थांकडूनच पोचतो. (नावाचं मूळ हर्शी गावच्या ‘किसेस’ चॉकलेटात, शास्त्रज्ञांनाही लहर येते.) जीएनआरएच पेशीला किसपेप्टिन चिकटलं की पोटॅशियमची बाहेर जायची वाट आवळते, धनभारित आयनांची आत यायची उघडते. पेशीतला ऋणभार घटतो आणि फटाक्यांची माळ लागावी तसे स्पंद तडतडू लागतात, बराच वेळ थांबत नाहीत.

ड्यूकमध्ये हा प्रयोग करणाऱ्या एव्हरेट आणि सॉयर यांना यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्यांनी फक्त दुपारी २ वाजता बार्बिट्युरेट टोचून मेंदू झोपवला. त्या रात्री बीजांडं सुटली नाहीत; मुहूर्त थेट चोवीस तासांनी पुढे गेला.

दुपारी ४. आता तेच औषध टोचा, उपयोग शून्य. जीएनआरएच पीयूषिकेपर्यंत पोचलंय.

संध्याकाळी ५ ते ७. पीयूषिकेतून रक्तात एलएच या संप्रेरकाची लाट. दिवे विझतात, उंदरीण नराला जवळ येऊ देते.

रात्री १०. मेंदूचं काम संपलं. पुटिकेच्या भिंतीत प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, विकरं भिंत कुरतडतात. थांबवायचंच तर आता अंडाशयातच अडवावं लागेल : इंडोमेथॅसिन हे वेदनाशामक दिलं तर फुटणं रोखता येतं.

रात्री १ नंतर. भिंती फाटतात, बीजांडं नलिकेकडे निघतात. पुटिका म्हणून काही उरत नाही. त्या जागी पीतपिंड धरतात.

बायकांमध्ये घड्याळाची इतकी सक्ती नाही, पण लाट उठल्यावरचा हिशोब तिथेही चुकत नाही. आयव्हीएफमध्ये लाटेचं काम करणाऱ्या ‘ट्रिगर’ इंजेक्शनची वेळ डॉक्टर बजावून सांगतात ती त्यामुळेच : साधारण ३६ तासांनी, पुटिका फुटायच्या आत, सुईने बीजांडं काढून घ्यायची असतात.