जुनी मोटार आणि रॅलीची कसोटी



मोटारगाडी जुनी झाली म्हणजे तिच्यापुढें सामान्यतः दोन वाटा असतात. एक भंगारवाल्याच्या दारीं जाते, आणि दुसरी सणासमारंभाच्या मिरवणुकींत. कोल्हापूरकरांस ही दुसरी वाट चांगली परिचयाची आहे. राजाराम महाराजांच्या काळची मेबॅक गाडी दसऱ्याच्या दिवशीं छत्रपतींच्या घराण्यांतील मंडळींना घेऊन दसरा चौकांत येते, तेव्हां सोनें लुटावयास जमलेल्या लोकांच्या नजरा पालख्यांइतक्याच त्या गाडीकडेहि वळतात. परंतु जुन्या गाडीस आणखी एक तिसरी वाट आहे. ती घाटांतून, धुळींतून आणि चिखलांतून जाते. ती म्हणजे हौशी चालकांच्या रॅलीची वाट. रोजच्या वापरांतील जुनी गाडी या वाटेवरून सुखरूप पार पडावी म्हणून तिची जी तयारी करावी लागते, तिचा इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम रॅली या शब्दाचा अर्थ ध्यानीं घेतला पाहिजे. शर्यत म्हणजे एकाच धांवपट्टीवर, एकाच वेळीं, अनेक गाड्यांनीं एकमेकींपुढें जाण्यासाठीं केलेली चढाओढ. रॅली तशी नव्हे. तिच्या नांवाचा मूळ अर्थ एकत्र जमणें असा आहे. १९११ सालीं माँटे कार्लो येथील पहिली रॅली भरली, तेव्हां युरोपांतील निरनिराळ्या शहरांतून निघालेल्या गाड्या त्या एका गांवीं येऊन मिळाल्या. आपल्या देशांत तर त्याच्याहि आधीं, १९०४ च्या अखेरीस, मोटार युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेनें दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची कसोटी घेतली होती. त्या काळीं वाटेंत पेट्रोलचे पंप नव्हते, आणि पुष्कळ ठिकाणीं रस्ता होता तो बैलगाडीचा. अशा स्थितींत सर्वांत वेगवान गाडी कोणती हा प्रश्न गौण होता. मुंबईस पोंचणारी गाडी कोणती, हाच खरा प्रश्न होता. रॅलीच्या तयारीचें सारें शास्त्र या एका प्रश्नांतून जन्मास आलें आहे.

याची साक्ष पुढील इतिहासांत वारंवार मिळते. पूर्व आफ्रिकेंत १९५३ सालीं सफारी रॅली सुरू झाली. केनियांत जन्मलेले जोगिंदर सिंग यांनीं आपले बंधु जसवंत यांस बरोबर घेऊन १९६५ सालीं ती जिंकली. त्यांची व्होल्व्हो गाडी नवी नव्हती. कारखान्याच्या पथकानें पूर्वीं वापरलेली आणि मग विकून टाकलेली ती गाडी होती. १९६८ सालीं लंडन ते सिडने अशी प्रचंड स्पर्धा झाली. अठ्ठ्याण्णव गाड्या लंडनहून निघाल्या, त्यांपैकीं टिकलेल्या गाड्या मुंबईस आल्या, व तेथून जहाजानें ऑस्ट्रेलियास गेल्या. शेवटीं पहिली आली ती अँड्र्यू कोवन यांची हिलमन हंटर, म्हणजे एक साधी कुटुंबाची गाडी. तिच्यापेक्षां वेगवान गाड्या पुष्कळ होत्या. परंतु कोणाचें एंजिन, कोणाची कमान, तर कोणाचें दैव वाटेंत मोडलें.

आतां आपण कोल्हापुराकडे वळूं. या गांवीं रॅलीची हौस येण्याच्या कितीतरी आधीं तिला लागणारी विद्या येथें येऊन बसली होती. ती आणली उंसानें आणि पाण्यानें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पंचगंगेच्या व तिच्या उपनद्यांच्या कांठीं पाणी उपसण्यासाठीं तेलावर चालणारीं एंजिनें आलीं. उभा ऊंस वाळत असतांना एंजिन बंद पडलें, तर विलायतेहून सुटा भाग येईपर्यंत थांबणें शेतकऱ्यास परवडणारें नव्हतें. तेव्हां मोडलेला भाग उघडून पाहावा, त्याचा सांचा करावा, ओतकाम करून घ्यावें, आणि लेथवर तो घांसून पुन्हां बसवावा, ही रीत येथें रुजली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार हीं नांवें कोल्हापूरच्या उद्योगाच्या या पायाभरणीशीं जोडलेलीं आहेत. शिवाजी उद्यमनगरांतील लहान लहान कारखाने व पुढें शिरोली आणि गोकुळ शिरगांव येथें वाढलेले ओतशाळांचे पसारे हें त्याच रोपट्याचें झाड होय.

हा गुण केवळ शेतीच्या यंत्रापुरता नव्हता. बाबूराव पेंटर यांनीं १९१८ सालीं याच गांवांत चित्रपटाचा कॅमेरा घडविला. ज्यांच्यासमवेत त्यांनीं हें स्वप्न पाहिलें, ते आनंदराव पेंटर १९१६ सालींच निवर्तले होते. तरी काम थांबलें नाहीं. दुसऱ्यानें केलेलें यंत्र उघडून त्याचा हेतु समजून घ्यावयाचा, आणि मग आपल्या गरजेप्रमाणें तें पुन्हां घडवावयाचें, ही जी बुद्धि त्या कॅमेऱ्यामागें होती, तीच जुन्या मोटारीच्या तयारीमागेंहि असते.

मोटारीच्या बाबतींत या बुद्धीस टंचाईनें धार लावली. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मोजून मिळूं लागलें, तेव्हां हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं मोटारींना कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या जोडाव्या लागल्या. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद झाली. १९२८ पासून मुंबईस गाड्या जुळविणारी जनरल मोटर्स कंपनी १९५४ सालीं येथून निघून गेली. मग सामान्य माणसाच्या वांट्यास मुख्यतः दोन गाड्या आल्या : एक अँबॅसडर, व दुसरी वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत होणारी फियाट, जिला १९७४ पासून पद्मिनी हें नांव मिळालें. नवी गाडी मिळावयास वर्षानुवर्षें थांबावें लागे. म्हणून जी दारीं होती, तीच पुन्हां पुन्हां नीट करून वापरणें भाग होतें. हौशी चालकांनीं रॅली आरंभिली ती अशाच घरच्या गाड्यांवर. १९८० सालीं मुंबईचे नझीर हुसेन यांच्या पुढाकारानें पहिली हिमालयन रॅली भरली आणि देशांत या खेळाची हौस पुष्कळ वाढली. १९८३ सालीं मारुति ८०० आणि १९८५ सालीं जिप्सी आली, तेव्हां कोठें हौशी माणसास हलक्या व चपळ गाड्यांचा लाभ झाला.

तयारीचें स्वरूप समजण्यासाठीं पद्मिनीचेंच उदाहरण घेऊं. तिचें एंजिन अवघें १०८९ घनसेंटिमीटरचें, पुढें स्प्रिंगा, मागें पाट्यांची कमान, आणि चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. नवशिक्याचें लक्ष प्रथम एंजिनाकडे जातें. हेड घांसून दाब वाढवावा, कार्ब्युरेटर मोठा बसवावा, असें त्यास वाटतें. अनुभवी मेस्त्री मात्र एंजिन सर्वांत शेवटीं हातीं घेतो. तो आधीं गाडी उघडी करतो. आसनें, गालिचे, आंतील पुठ्ठे निघाले म्हणजे वर्षानुवर्षें दडून बसलेला गंज दिसूं लागतो. या गाडीस निराळी चौकट नाहीं. पत्र्याचें अंग हाच तिचा सांगाडा. म्हणून जेथें गंज लागला, तेथें केवळ रंगच गेला असें नव्हे, तर हाड झिजलें असें समजावें. तो पत्रा कापून नवा बसविणें, सांध्यांवर वेल्डिंगची ओळ ओढणें, आणि शॉकअब्सॉर्बर जेथें अंगाशीं जोडलेले असतात तेथें जाड पट्टीचा आधार देणें, हें पहिलें काम.

दुसरें काम गाडीच्या पोटाचें. कोल्हापुराहून कोंकणांत उतरावयाचें म्हणजे गगनबावड्याकडून करूळ वा भुईबावड्याचा घाट, राधानगरीकडून फोंडा घाट, किंवा मलकापुराकडून आंबा घाट. वर पावसानें उखडलेला रस्ता, आणि खालीं जांभ्याचे धोंडे. एंजिनाच्या तळाशीं असलेल्या तेलाच्या चेंबरला एक धोंडा लागला, तर पांच मिनिटांत सारें तेल गळून बेअरिंगें जळतात. म्हणून चेंबरखालीं जाड पत्र्याची ढाल लावावी लागते. पेट्रोलची व ब्रेकची नळी गाडीच्या खालून गेलेली असेल, तर ती आंतून न्यावी लागते. पाट्यांच्या कमानींत एखादा पाटा वाढवितात. मात्र कमान फार ताठ केली, तर चाक उडतें आणि रस्ता सोडतें. ताकद आणि लवचिकपणा यांचा हा तोल जाणणें हेंच मेस्त्रीचें कसब.

तिसरें काम ब्रेकचें, आणि तें जिवाशीं गांठ असलेलें. ड्रमचे ब्रेक सपाटीवर ठीक असतात. परंतु लांब उतारावर सारखा पाय ठेवला, तर ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते, आणि पायाखालचें पॅडल पोकळ लागूं लागतें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. असें जुनें तेल तापलें म्हणजे त्यांतील पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, चाक मात्र दबत नाहीं. म्हणून रॅलीपूर्वीं नवें तेल, नवे लायनर, नव्या नळ्या घालणें हा नियम आहे. उतारावर खालचा गियर ठेवून एंजिनासच गाडी धरावयास लावणें, ही चालकाची अर्धी जबाबदारी.

एवढें झाल्यावर एंजिन. तेंहि बलवान करण्याआधीं थंड ठेवावयाचें. रेडिएटर धुणें, रबरी नळ्या व पंख्याचा पट्टा बदलणें, धुळीसाठीं हवेची गाळणी चांगली घालणें, या साध्या गोष्टींनीं जितक्या गाड्या शेवटास पोंचल्या, तितक्या मोठ्या कार्ब्युरेटरनें पोंचल्या नाहींत.

हौशी रॅलींत आणखी एक भाग आहे, तो गणिताचा. सामान्य रस्त्यावरील रॅलींत ठराविक सरासरी वेग दिलेला असतो; उशीरा पोंचणाऱ्यास दंडगुण पडतात, तसेच लौकर पोंचणाऱ्यासहि पडतात. समजा, ताशीं ४० किलोमीटरच्या सरासरीनें ६० किलोमीटर जावयाचें आहे. त्यास ९० मिनिटें लागलीं पाहिजेत. अंतर मोजणाऱ्या मापकांत शेंकडा एक इतकीच चूक असली, तरी ६०० मीटरांचा, म्हणजे ५४ सेकंदांचा फरक पडतो. आणि ही चूक टायर बदलल्यानेंहि होते. मोठें चाक तेवढ्याच अंतरांत कमी फेरे घेतें, त्यामुळें मापक कमी अंतर दाखवितो. म्हणून नवे टायर घातल्यावर मैलाच्या दगडांशीं मापक ताडून पाहणें, हा तयारीचाच एक भाग होय. शेजारीं बसणारा वाटाड्या घड्याळ व कागद घेऊन हेंच गणित सारखें करीत असतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लंडन-सिडने स्पर्धेंत शेवटच्या दिवशीं लुसियेन बियांकी यांचें पथक सर्वांच्या पुढें होतें. इतर वाहनांस बंद असल्याचें समजल्या गेलेल्या रस्त्यावर समोरून एक लहान गाडी आली, टक्कर झाली, आणि जिंकत आलेली स्पर्धा हातची गेली. बियांकी गंभीर जखमी झाले. खुला रस्ता आणि शर्यत यांचें जमत नाहीं, हा त्यापासून घ्यावयाचा धडा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करूं देत नाहीं, आणि १८९ वें कलम परवानगीवांचून सार्वजनिक जागीं शर्यत करणें गुन्हा ठरवितें. वेगाची हौस असेल, तर ती फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्‌स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेच्या नियमांखालीं, रस्ता बंद करून घेतलेल्या टप्प्यावरच भागवावी. तेथें गाडीच्या आंत पोलादी नळ्यांचा पिंजरा, खांद्यावरून व कमरेवरून बांधणारे पट्टे, शिरस्त्राण, आग विझविण्याचें नळकांडें व बॅटरी तोडण्याची कळ यांची तपासणी झाल्याखेरीज गाडी सुटत नाहीं. पिंजरा ओबडधोबड वेल्डिंगनें उभा केला, तर रक्षण करणारी नळीच घातक ठरते. जो मेस्त्री उंसाच्या एंजिनास कामचलाऊ तुकडा बसवून देतो, त्यानें येथें मात्र कामचलाऊ कांहीं करूं नये. शेतांत चूक झाली तर पीक जातें. घाटांत झाली तर माणूस जातो.

आज परिस्थिति पालटली आहे. पद्मिनीचें उत्पादन या शतकाच्या आरंभीं थांबलें. अँबॅसडर आणि मारुति ८०० या दोन्ही २०१४ सालीं बंद झाल्या. कोल्हापुराजवळ कार्टगाड्यांची धांवपट्टी झाली, तेथें राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या, आणि गांवचीं मुलें लहानपणापासून शास्त्रशुद्ध रीतीनें चालवावयास शिकूं लागलीं, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु नव्या गाडीचें एंजिन संगणकाच्या आज्ञेंत असतें. तें बिघडलें म्हणजे पुष्कळदां सबंध पेटीच बदलावी लागते. अशा गाडीपाशीं बसून शिकणाऱ्या मुलास कोणता भाग बदलावा हें कळतें. तो भाग कां मोडला, हें कळेलच असें नाहीं. जुनी गाडी रॅलीसाठीं तयार करणाऱ्यास मात्र हें कळल्यावांचून गत्यंतर नसतें. तिचा प्रत्येक बोल्ट त्यास प्रश्न विचारतो.

ही विद्या आजवर वस्तादाच्या हातून शिष्याच्या हातीं गेली. कागदावर ती फारशी उतरलेली नाहीं. तालमींतील डाव जसे वस्तादाबरोबर हरपतात, तसेंच या कसबाचेंहि होण्याचें भय आहे. म्हणून ज्यांच्या दारीं एखादी जुनी गाडी आहे, आणि शेजारीं एखादा वयोवृद्ध मेस्त्री आहे, त्यांनीं एक लहानशी वही घालावी. कोणता भाग केव्हां उघडला, काय झिजलें होतें, काय बदललें, आणि किती मैलांनंतर तें पुन्हां मोडलें, एवढें तींत टिपावें. गाडी स्पर्धेंत पहिली येवो वा न येवो. पुढची गाडी जो तयार करील, त्यास या वहीचा उपयोग निश्चित होईल.