हार्थस्टोन (डिजिटल पत्त्यांचा खेळ)

हार्थस्टोन हा ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीने तयार केलेला, अद्भुतरम्य विश्वावर आधारलेला डिजिटल पत्त्यांचा खेळ आहे. तो ११ मार्च २०१४ रोजी संगणकासाठी अधिकृतपणे प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी आयपॅडवर व २०१५ मध्ये मोबाइलवर आला. त्यातील पात्रे व मंत्रतंत्र याच कंपनीच्या वॉरक्राफ्ट या खेळमालिकेतून घेतलेले आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये नोंदणीकृत खेळाडूंची संख्या १० कोटींवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले. खेळ विनामूल्य उतरवून घेता येतो. उत्पन्न मुख्यतः पत्त्यांच्या पाकिटांच्या विक्रीतून मिळते. त्यामुळे त्याचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. डाव म्हणून तो कसा आहे हा एक, आणि एकही रुपया खर्च न करणाऱ्याला तो कितपत खेळता येतो हा दुसरा.

खेळाचे स्वरूप

डाव दोन खेळाडूंमध्ये होतो. प्रत्येकाचा एक नायक असतो व त्याची प्राणशक्ती ३० असते. खेळाडूने आपल्या संग्रहातून निवडलेल्या ३० पत्त्यांचा कॅट आधीच तयार ठेवायचा असतो. एकच पत्ता जास्तीत जास्त दोनदा आणि ‘लेजेंडरी’ दर्जाचा पत्ता एकदाच घेता येतो. पहिल्या पाळीला ‘मना’ नावाची एक जादूशक्ती मिळते. दर पाळीला ती एकाने वाढत दहापर्यंत जाते. ती खर्च करून अनुचर मांडायचे, मंत्र टाकायचे, शस्त्र उचलायचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या नायकाची प्राणशक्ती शून्यावर आणायची. दुसऱ्या क्रमांकाने खेळणाऱ्याचे नुकसान भरून निघावे म्हणून त्याला एक पत्ता व एक ‘नाणे’ जादा दिले जाते.

नियम अर्ध्या तासात समजतात. पत्त्यांचे परस्परसंबंध उमगायला महिने लागतात. हे चांगल्या खेळाचे लक्षण मानायला हरकत नाही. मात्र पत्ते उचलण्यातील दैवाखेरीज अनेक पत्त्यांच्या परिणामातही यादृच्छिकता भरलेली आहे आणि त्यावर टीका होत आली आहे. कौशल्याचा फरक एका डावात क्वचितच कळतो, शंभर डावांत कळतो.

पत्ते मिळवण्याची व्यवस्था

पत्ते पाच-पाचच्या बंद पाकिटांतून मिळतात. पाकीट पैसे देऊन किंवा खेळून मिळवलेल्या १०० सुवर्णमुद्रांना घेता येते. आत काय निघेल हे आधी कळत नाही. चीनने २०१७ पासून अशा पाकिटांतील शक्यता जाहीर करणे बंधनकारक केल्यावर कंपनीने प्रमाण प्रसिद्ध केले. त्यानुसार ‘एपिक’ पत्ता सरासरी पाच पाकिटांत एकदा व लेजेंडरी पत्ता सरासरी वीस पाकिटांत एकदा निघतो. चाळीस पाकिटांत एक लेजेंडरी पत्ता निघतोच, अशी तजवीजही आहे.

नको असलेला पत्ता मोडून ‘भुकटी’ मिळवता येते आणि त्या भुकटीतून हवा तो पत्ता घडवता येतो. लेजेंडरी पत्ता घडवायला १६०० भुकटी लागते, मोडल्यास ४०० मिळते. दुर्मिळ पत्त्यासाठी हे आकडे १०० व २०, तर सामान्य पत्त्यासाठी ४० व ५ आहेत. म्हणजे पत्ता जितका साधा, तितकी मोडीत घट जास्त. चार सामान्य व एक दुर्मिळ पत्ता निघालेले, अगदी कमनशिबी पाकीट पूर्ण मोडले तर हाती ४० भुकटी येते. या हिशेबाने मनाजोगता एक लेजेंडरी पत्ता घडवायला ४० पाकिटे, म्हणजे ४००० सुवर्णमुद्रा लागतील. पूर्वीच्या पद्धतीत रोजच्या एका कामगिरीचे ५० च्या आसपास मुद्रांचे बक्षीस धरले, तर ही ८० दिवसांची मजुरी झाली. सरासरी फळ याहून बरे असते, कारण तेवढ्या पाकिटांत दोनेक लेजेंडरी पत्ते आपोआप निघतात. पण ते हवे तेच असतील असे नाही.

शिवाय संग्रह जुना होतो. २०१६ पासून ‘स्टँडर्ड’ प्रकारात केवळ अलीकडच्या संचांतील पत्ते चालतात व दरवर्षी जुने संच त्यातून बाद होतात. २०२१ मध्ये सर्वांना मोफत मिळणारा ‘कोअर’ संच आला, त्यामुळे नवागताची अडचण बरीच कमी झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये बक्षिसांची पद्धत बदलली, तेव्हा मात्र खेळाडूंनी तीव्र नाराजी व्यक्त केल्याने कंपनीला त्यात सुधारणा कराव्या लागल्या.

परंपरागत पत्त्यांशी तुलना

मेंढीकोटात ५२ पत्त्यांचा एकच कॅट पिसून सर्वांना वाटला जातो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफातही हेच तत्त्व आहे. तिथे विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर व एक्का ते दश्शी असे १२, मिळून १२० पत्ते असतात. विषय अद्भुताचाच, परंतु सगळे पत्ते सर्वांना ठाऊक आणि नशीब फक्त वाटपापुरते. संग्रहाच्या खेळात विषमता पत्ते पिसण्याआधीच येते. ही कल्पना रिचर्ड गारफील्ड यांच्या मॅजिक : द गॅदरिंग (१९९३) या कागदी खेळाने रूढ केली. त्या खेळातले पत्ते निदान विकता किंवा मित्राला देता येतात. हार्थस्टोनमध्ये तीही सोय नाही.

उदारपणाचा प्रयोगही झाला आहे. रायट गेम्सच्या लेजेंड्स ऑफ रुनटेरा (२०२०) या खेळात पत्ते बरेच सहज मिळत. त्याचे कौतुक झाले, पण उत्पन्न पुरेसे आले नाही आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या खेळाचा चमू लहान करण्यात आला. पाकिटांची पद्धत का टिकून आहे, याचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

भारतातील स्थिती

जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-क्रीडा प्रात्यक्षिक स्वरूपात होत्या. त्यांत हार्थस्टोनमध्ये कच्छच्या तीर्थ मेहता यांनी भारतासाठी कांस्यपदक मिळवले.

खेळ मराठीत किंवा कोणत्याही भारतीय भाषेत उपलब्ध नाही. पत्त्यावरील बारीक मजकूर वाचणे हाच खेळाचा निम्मा भाग असल्यामुळे, मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ही अडचण पैशाइतकीच जाणवते.

ऑनलाइन खेळांविषयीच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. इथे पैसे जातात, पण परत येण्याची वाट नाही. जिंकलेले सर्व काही खेळातच राहते. तरीही बंद पाकीट उघडण्याचे आकर्षण जुगाराशी नाते सांगणारे असल्याचा आक्षेप आहे. बेल्जियमच्या द्यूत आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतील अशा विकत घेतल्या जाणाऱ्या पेट्या जुगारात मोडतात, असा निर्णय दिला होता. मुलांच्या हाती खेळ देताना पालकांनी मोबाइलच्या दुकानातील खरेदीला परवलीचा शब्द लावून ठेवणे आवश्यक आहे.

पत्त्यांवर खेळाडूची मालकी नसते, केवळ वापराचा परवाना असतो. ब्लिझार्ड व चिनी कंपनी नेटईज यांचा करार संपल्याने जानेवारी २०२३ मध्ये चीनमधील सेवा बंद पडली आणि तेथील खेळाडूंचे संग्रह निरुपयोगी झाले. ती सेवा सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली.