वीस गाठी आणि बारा नावं

‘मनात आणलंत तर वजन उतरेलच’ हे वाक्य आज सगळीकडे भेटतं. जिमच्या भिंतीवर असतं, सकाळच्या व्हॉट्सअॅप संदेशात असतं, आणि नातेवाइकांच्या तोंडी तर असतंच. वाक्य गोड आहे, पण त्याला एक काटा आहे. वजन उतरलं नाही, आजार हटला नाही, तर मग तुम्ही मनातच आणलं नसणार! म्हणजे दुखणंही तुमचं आणि दोषही तुमचाच. हे कुठून आलं? माझा अभ्यासाचा विषय व्यायामाचा इतिहास आहे, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा आडवा येतो. आज त्यातल्या तीन माणसांची गोष्ट सांगते. एक फ्रेंच औषधविक्रेता, एक जर्मन पहिलवान आणि एक आपल्या साताऱ्याकडचा राजा.

औषधविक्रेत्याचं नाव एमिल कुए (१८५७–१९२६). त्रुआ गावात त्याचं दुकान होतं. त्याच्या लक्षात आलं की औषध देताना दोन शब्द कौतुकाचे बोललं तर गिऱ्हाइकाला गुण जास्त येतो. औषध तेच, बाटली तीच, फरक फक्त बोलण्याचा. आज आपण ज्याला प्लासीबो म्हणतो त्याचीच ही ओळख. पुढे नान्सी शहरात तो लोकांना स्वयंसूचना शिकवू लागला. पद्धत अगदी साधी होती. झोपताना आणि उठताना, आपण रोज सर्व बाजूंनी सुधारत चाललो आहोत, अशा अर्थाचं एक वाक्य वीस वेळा पुटपुटायचं. मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी हातात ठेवायची. १९२०च्या दशकात या वाक्याने युरोप-अमेरिकेला वेड लावलं.

आता गंमत बघा. ‘इच्छाशक्ती वाढवा’ असं कुए सांगतच नव्हता. त्याचं म्हणणं उलटं होतं. इच्छा आणि कल्पना यांची झुंज लागली तर जिंकते कल्पनाच. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कुणीही चालेल, तीच फळी चर्चच्या उंचीवर टाकली तर पाय लटपटतात. तिथे इच्छा कमी पडत नाही, डोळ्यांपुढे पडण्याचं चित्र उभं राहतं. आणि हेही नोंदवायला हवं की मी कुणालाच बरं केलेलं नाही, तुम्हीच स्वतःला बरं करता, असं तो लोकांना सांगत असे. डॉक्टरांचा इलाज सोडा, असंही त्याचं म्हणणं नव्हतं. पण लोकप्रियतेचं एक असतं, अटी गळून पडतात आणि घोषवाक्य तेवढं उरतं.

दुसरा माणूस युजेन सँडो (१८६७–१९२५). पिळदार शरीर दाखवून जगभर गाजलेला. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली, आणि १९०४-०५च्या सुमारास तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. त्याचंही सांगणं मनाबद्दलच होतं. डंबेल नुसता वरखाली करून काही होत नाही, जो स्नायू राबतोय त्याच्यावर चित्त हवं. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. छाती, दंड, कंबर मोजा आणि लिहून ठेवा, हा त्याच्या शिकवणीचा मोठा भाग होता. थोडक्यात, मनाला आशा द्यायची, पण हिशेब टेपने ठेवायचा.

या सँडोचा एक शिष्य आपल्याकडे होता, तो म्हणजे औंध संस्थानचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१). त्यांनी १८९७ साली सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि सुमारे दहा वर्षं त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. मग १९०८च्या सुमारास, मिरजेच्या राजेसाहेबांच्या आग्रहावरून, ते सूर्यनमस्कारांकडे वळले. तेव्हा ते चाळिशीचे होते. पुढे त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले, आणि १९३८ साली लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं.

त्यांच्या पद्धतीत मंत्रांना मोठं स्थान होतं. बीजमंत्र आणि मित्र, रवी, सूर्य, भानू अशी सूर्याची बारा नावं. या अक्षरांच्या कंपनांनी शरीरातले अवयव सुधारतात असा त्यांचा दावा होता. तो जसाच्या तसा स्वीकारायला आज आधार नाही. पण मंत्राचं दुसरं काम बघा. बारा नावं संपली की बारा नमस्कार झाले! मोजायला वेगळं डोकं लावावं लागत नाही, श्वासाला ठेका मिळतो, आणि मध्येच थांबलं तर चुकल्यासारखं वाटतं. कुएच्या वीस गाठी, सँडोचा टेप, औंधच्या राजांची बारा नावं, तिन्हींत मला एकच धागा दिसतो. मनाची ताकद सांगणाऱ्या या तिघांनीही मनाला काहीतरी मोजायला दिलं होतं. आपण मात्र मोजणी विसरलो आणि मन तेवढं धरून बसलो.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासातून कळतं. गाब्रिएले ओएटिंगन आणि थॉमस वॉडन यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या २५ लठ्ठ स्त्रियांना आधीच दोन गोष्टी विचारल्या. तुम्हाला हे जमेल असं वाटतं का? आणि पुढचं कल्पनाचित्र कसं दिसतं? वर्षभराने निकाल पाहिला. जमेल अशी अपेक्षा असणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा सरासरी १२ किलोंनी जास्त उतरलं. पण ज्यांची कल्पनाचित्रं फार गुलाबी होती, त्यांचं सुमारे ११ किलोंनी कमी उतरलं. २५ जणींवरून जगाचा नियम काढता येत नाही हे खरं. तरीही ओएटिंगन यांनी पुढे अनेक वर्षं हाच धागा धरून काम केलं. त्यातून एक साधी रीत निघाली. हवं ते डोळ्यांपुढे आणायचं, लगेच त्यातली स्वतःची अडचणही आणायची, आणि ‘ती आली तर मी अमुक करीन’ हे आधीच ठरवायचं. उदाहरणार्थ, ऑफिसातून उशीर झाला, तर घरी आल्यावर चप्पल न काढता थेट दहा मिनिटं चालून यायचं.

विश्वास आणि स्वप्नरंजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विश्वास माणसाला अंथरुणातून उठवतो. स्वप्नरंजनात काम झाल्याचं समाधान आधीच मिळून जातं, मग उठायचं कशाला?

आणि दोषाचं काय? मनाचा उपयोग उपचार चालू ठेवायला, पथ्य पाळायला, चार दिवस चुकले तरी पाचव्या दिवशी पुन्हा सुरुवात करायला होतो. थायरॉईड, मधुमेह किंवा गुडघ्याची झीज नुसत्या विचाराने जात नाही. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी आजारी माणसाला ‘तू सकारात्मक राहत नाहीस म्हणून’ असं ऐकवलं, तर त्याला कुएचंच उदाहरण द्या. ज्याच्या नावावर हा सगळा पंथ उभा राहिला, त्यानेही औषधाची बाटली फेकून द्यायला सांगितलं नव्हतं.